टाकीत २० लिटर डिझेल होते, तरी गाडी घाटात बंद का पडली?



गेल्या सप्टेंबरात सोसायटीची मासळीची गाडी चोर्ला घाटात बंद पडली होती, हे बहुतेकांना माहीत आहे. जेटीवर त्याची बरीच चर्चा झाली. काहींनी ड्रायव्हरला नावे ठेवली, काहींनी आम्हाला. त्या रात्री नेमके काय झाले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे सगळ्यांना नीट कळावे म्हणून ही पोस्ट लिहीत आहोत. थोडी लांब आहे. पण ज्यांच्या दारात डिझेलची गाडी आहे किंवा पाण्यात डिझेलची होडी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

झाले असे. रात्री एक वाजता बांगडा भरून गाडी बेळगावला निघाली. साखळी, केरी करून चढाला लागली. पाऊस होता. चढाच्या पहिल्याच टप्प्यात इंजिनाने दोन-तीन झटके खाल्ले आणि बंद पडले. ड्रायव्हरने सेल्फ मारला, चालू होईना. मोबाईलला रेंज नाही. मागून आलेल्या एका गाडीवाल्याच्या मदतीने खाली निरोप पोचला, मेकॅनिक वर गेला, पहाटे गाडी सुरू झाली. बेळगावात पोचेपर्यंत सकाळचा लिलाव संपला होता. बर्फ अर्ध्याहून जास्त वितळला होता. बांगड्याला काय भाव मिळाला ते सभासदांनी आपल्या हिशेबात बघितलेच आहे.

पुढच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "काटा लालच्या वर होता, टाकीत डिझेल होते." कुणी विश्वास ठेवला नाही. नुकसान त्याच्या पगारातून कापावे असे ठरत आले होते. तेवढ्यात मेकॅनिकने सांगितले की त्याने घाटातच टाकीत काठी घालून बघितली होती. गाडी सपाट जागेवर ढकलून घेतल्यावर पाच सेंटिमीटर डिझेल भरले. आपल्या टाकीच्या मापाने ते होतात २० लिटर. म्हणजे माणूस खरे बोलत होता. मग प्रश्न राहिला तो हाच: २० लिटर असताना इंजिनाला डिझेल मिळाले का नाही?

टाकीचे साधे गणित

आपल्या गाडीची टाकी चौकोनी आहे. लांबी ८० सेंटिमीटर, रुंदी ५० आणि उंची ४०. तिन्ही आकडे गुणून हजाराने भागले की लिटर मिळतात, म्हणजे १६० लिटर. यातूनच दुसरा उपयोगी आकडा निघतो. काठीवर एक सेंटिमीटर म्हणजे ४ लिटर. पाव टाकी म्हणजे १० सेंटिमीटर, ४० लिटर.

आता इंजिनाला डिझेल जाते ते टाकीत वरून सोडलेल्या एका पाईपातून. हा पाईप तळाला टेकलेला नसतो. तळाचा गाळ आणि पाणी थेट वर जाऊ नये म्हणून त्याचे तोंड थोडे वर ठेवतात. आपल्या टाकीत ते सुमारे दोन सेंटिमीटर वर आहे. म्हणजे सपाट रस्त्यावरसुद्धा तळाचे ८ लिटर इंजिनाच्या उपयोगाचे नाहीतच. ते टाकीत आहेत, पण पाईपाला सापडत नाहीत.

पुढची गोष्ट घाटाची. टोपात तळाला थोडी कढी राहिली की आपण टोप कलता करतो. कढी एका बाजूला जमते आणि दुसऱ्या बाजूचा तळ उघडा पडतो. टाकीतही तेच होते. १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर चढ, असा रस्ता धरा. ८० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत पुढच्या आणि मागच्या टोकात ६.४ सेंटिमीटरचा फरक पडतो. मधल्या पातळीपेक्षा मागे ३.२ सेंटिमीटर जास्त, पुढे ३.२ सेंटिमीटर कमी.

आपल्या गाडीचा पाईप नेमका टाकीच्या पुढच्या टोकाला आहे. त्या रात्री मधे डिझेल होते ५ सेंटिमीटर. त्यातून ३.२ वजा करा. पुढे राहिले १.८. पाईपाचे तोंड २ सेंटिमीटरवर. म्हणजे पाईप उघडा पडला आणि त्याने डिझेलऐवजी हवा ओढली. मेकॅनिक लोक म्हणतात तसे गाडीने एअर घेतली.

काट्याचेही तसेच. काटा हलतो तो टाकीतल्या तरंगत्या बोंडावर, आणि आपल्या गाडीत ते बोंड टाकीच्या मध्याजवळ आहे. मधे ५ सेंटिमीटर होते, तेवढे त्याने दाखवले. पुढच्या टोकाला काय चालले आहे हे काट्याला कळत नाही. काटा खोटे बोलत नव्हता, ड्रायव्हरही नव्हता.

ज्यांच्या गाडीत पाईप टाकीच्या मागच्या बाजूला आहे त्यांना हाच त्रास उतारावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर होईल. वळणावर डिझेल आडवे सरकते, ते वेगळेच. टाकीत आडव्या पट्ट्या असल्या तर हेलकावा कमी होतो, पण चढाचा कल त्याने जात नाही. म्हणून दुसऱ्याची गाडी एवढ्या डिझेलवर घाट चढली म्हणजे आपलीही चढेल असे समजू नका.

हवा शिरली तर काय बिघडते

पेट्रोलच्या स्कूटरमध्ये पेट्रोल संपले तर भरायचे आणि किक मारायची. डिझेलचे तसे नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नोजलमधून फार मोठ्या दाबाने डिझेल फवारले जाते आणि दाबून गरम झालेल्या हवेत ते पेटते. हल्लीच्या कॉमन रेल गाड्यांत हा दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त असतो. ट्रकच्या टायरात साधारण ८ बार हवा असते. त्याच्या दोनशे पट दाब झाला हा.

डिझेल दाबले तर दाब तयार होतो. हवा दाबली तर ती नुसती आकसते. त्यामुळे नळीत हवा असली की नोजल उघडण्याइतका दाब होत नाही आणि इंजिन बंद पडते. नंतर टाकी भरली तरी नळीतली हवा काढेपर्यंत गाडी सुरू होत नाही.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. हा मोठ्या दाबाचा पंप डिझेलवरच थंड राहतो आणि डिझेलच त्याचे वंगण असते. त्याला वेगळे ऑईल नाही. डिझेलऐवजी हवा आली की आतले धातूचे भाग एकमेकांवर कोरडे घासतात. एकदा झाले तर पंप बहुधा वाचतो. पुन्हा पुन्हा झाले तर बारीक कण सुटतात आणि पुढे नोजलमध्ये जाऊन बसतात. मग पंप आणि नोजल दोन्ही बदलायची वेळ येते. खर्च किती येतो ते ज्यांनी केला आहे त्यांना विचारा.

शिवाय इंजिनाने न वापरलेले गरम डिझेल परतीच्या नळीने टाकीत येते. टाकी भरलेली असेल तर ते थंड डिझेलात मिसळून निवते. तळाला थोडेच असेल तर तेच गरम डिझेल फिरत राहते. गरम डिझेल पातळ होते आणि पातळ डिझेलात वंगण कमी.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माणसाच्या जिवाची. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग जड होते. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत साठलेल्या हवेवर काही वेळा ब्रेक लागतात, पण उगाच पंपिंग केले की ती हवा संपत जाते. छोट्या पिकअपमध्ये व्हॅक्यूमवर चालणारे ब्रेक असतात. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा पेडल दाबले की पेडल दगडासारखे होते. आपली गाडी चढावर बंद पडली, मागे वाहन नव्हते, ड्रायव्हरने लगेच हँडब्रेक लावला. मासळी गेली, पण माणसे वाचली. हेच उतारावरच्या वळणात झाले असते तर आज काय लिहावे लागले असते, ते नको.

गाळ आणि पाण्याबद्दलच्या समजुती

"टाकी खाली आली की तळाचा गाळ ओढला जातो," असे जुने ड्रायव्हर सांगतात. हे अर्धे खरे आहे. पाईपाचे तोंड कायम तळाजवळच असते, टाकी भरलेली असली तरी. म्हणून टाकी कमी झाली एवढ्यानेच गाळ वर येतो असे नाही. पण थोडेच डिझेल राहिले की ते जास्त हेंदकाळते, तळ ढवळून निघतो आणि तेवढाच गाळ थोड्या डिझेलात मिसळतो. तो जाऊन बसतो फिल्टरवर.

पाण्याचेही तसेच. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे रात्री पाणी होते, हे खरे. पण किती? ओल्या दिवसात ३० अंशावरची हवा रात्री २४ अंशाला आली, तर १०० लिटर रिकाम्या जागेत एक ग्रॅमसुद्धा पाणी सुटत नाही. एका रात्रीचे भय नाही. महिनोन्महिने टाकी अर्धी-रिकामी ठेवली तर मात्र थेंबे थेंबे साचते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसते. जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना भिडतात तिथे काळी बुळबुळीत बुरशी धरते. फिल्टर काढल्यावर शेवाळासारखे दिसते ते हेच.

पण आपल्याकडे खूप पाणी शिरते ते दुसऱ्याच वाटेने. टाकीच्या झाकणाचे रबर फाटलेले, त्यावर बर्फाचे पाणी आणि पाऊस. किंवा जेटीवर उघड्यावर उभा ठेवलेला ड्रम, ज्याच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते आणि बुचातून आत झिरपते. आधी ही दोन ठिकाणे बघा. ड्रम आडवा किंवा शेडमध्ये ठेवा. फिल्टरखालचा पाणी काढायचा नळ पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सोडा.

मग चूक कुणाची होती

हे लिहिणे आम्हाला जड जाते, पण लिहिले पाहिजे. चूक सोसायटीची होती.

बेळगावच्या एका पंपावर आपले उधारीचे खाते होते. म्हणून डिझेलची पावती तिथलीच मिळायची, आणि तीही मोजून ४५ लिटरची. जेटीपासून बेळगाव साधारण ११० किलोमीटर. जाऊन-येऊन २२०. गाडी लिटरला ५ किलोमीटर देते म्हणजे ४४ लिटर. हिशेब कागदावर अगदी बरोबर. पण त्यात बर्फाच्या कारखान्याच्या फेऱ्या नव्हत्या, म्हापशाच्या मार्केटची फेरी नव्हती, घाटात अडकल्यावर तासाला दीड-दोन लिटर जळणारे डिझेल नव्हते. त्यामुळे टाकी नेहमी तळाशीच खेळत राहिली. त्या रात्री गाडी जेटीवरून निघाली तेव्हा ३० लिटर होते. केरीपर्यंत १० जळले. राहिले २०. ते पुरेसे आहे असे ड्रायव्हरला वाटले, कारण आम्हीच त्याला वर्षभर तसेच चालवायला लावले होते.

पुढच्या बैठकीत हा हिशेब मांडला. पगारातून कापायचा ठराव मागे घेतला. ड्रायव्हरची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, "मी दोनदा सांगितले होते, जास्त डिझेल द्या म्हणून." हेही खरे होते.

आता आपला नियम

१. सपाट रस्ता आणि जवळ पंप असेल तरी आठव्या हिश्श्याखाली, म्हणजे २० लिटरखाली जायचे नाही.

२. घाट चढायचा किंवा उतरायचा असेल, मग तो चोर्ला असो, अनमोड असो की आंबोली, तर पायथ्याला किमान पाव टाकी, म्हणजे ४० लिटर हवे. १० सेंटिमीटरमधून चढाचे ३.२ गेले तरी पुढे ६.८ राहतात. पाईपावर पावणेपाच सेंटिमीटर. वळणे, हेलकावे, खड्डे आणि घाटात लागणारे डिझेल यांना तेवढी जागा लागते.

३. पावसाळ्यात रात्रीच्या फेरीला अर्धी टाकी. दरड, झाड, अपघात, काहीही झाले तर तासन् तास थांबावे लागते.

४. निघताना काठी घालून बघायची आणि वहीत सेंटिमीटर लिहायचे. परत आल्यावर पुन्हा. काटा फक्त अंदाजाला.

५. पावती आता ठरावीक लिटरची नाही. टाकी भरेपर्यंत. आणि ती निघायच्या आधी, इकडच्याच पंपावर.

"भरलेली टाकी म्हणजे उगाच वजन," असे काहींनी विचारले. १०० लिटर डिझेलचे वजन साधारण ८३-८४ किलो. मासळीचे तीन-चार क्रेट आणि बर्फ धरला तर तेवढेच. त्याने मायलेजला फरक पडलाच तर नावापुरता. "चोरी होईल," असेही कुणी म्हणाले. त्यासाठी कुलुपाचे झाकण बसवले आहे, आणि काठीची वही आहेच. उलट ठरावीक पावतीच्या काळात डिझेल कुठे गेले ते कुणालाच कळत नव्हते.

पण एक सांभाळा. पंपाची नळी आपोआप बंद झाली की वरून आणखी ओतू नका. डिझेल गरम झाले की फुगते. १६० लिटर डिझेल १५ अंशांनी तापले तर सुमारे २ लिटरने वाढते. त्याला जागा लागते, नाहीतर झाकणातून रस्त्यावर येते आणि मागचा दुचाकीवाला घसरतो.

बीएस ६ ट्रकवाल्यांनी दुसऱ्या, छोट्या टाकीकडेही लक्ष द्यावे. डीईएफ म्हणतात ते ३२.५ टक्के युरियाचे पाणी. ते संपले की गाडी आपणहून जोर कमी करते, आणि तेही नेमके चढावर कळते. ते डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू नका.

तरीही एअर घेतलीच तर

झटके बसू लागले की पुढचे वळण गाठायचा हट्ट करू नका. इंजिन चालू आहे तोवर गाडी कडेला घ्या. हँडब्रेक, पार्किंग लाईट, मागे लांबवर त्रिकोण. चाकामागे मोठा दगड, आणि निघताना तो दगड आठवणीने उचला, रस्त्यात टाकून जाऊ नका.

चढावर उभी असेल तर पाच लिटरचा कॅन पुरणार नाही, हे वरच्या गणितावरून लक्षात आलेच असेल. २० लिटर तरी घाला. मग फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हँडपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आले की स्क्रू घट्ट करा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर एअर निघेल पण बॅटरी जाईल.

जुन्या गाड्यांत नोजलच्या नळ्या सैल करून एअर काढायचे. कॉमन रेल गाडीत ते अजिबात करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण डिझेल आत पसरते आणि बोट, हात गमवायची वेळ येते. असे कुणाला झाले तर दुखो न दुखो, लगेच हॉस्पिटल.

होडीवाल्यांसाठी दोन शब्द

ट्रक घाटात बंद पडला तर निदान खाली रस्ता असतो. नदीच्या तोंडाशी, लाटा फुटतात त्या जागी इंजिन बंद पडले तर होडी आडवी होते. टाकीचे गणित तेच, फक्त चढाच्या जागी डोलणे आहे, आणि ते दोन्ही बाजूंना. तळाचा गाळ सगळ्यात जास्त ढवळतो तो खराब समुद्रात, म्हणजे इंजिनाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच. परतीला पाव टाकी शिल्लक असलीच पाहिजे, मग मासळी कितीही लागत असो.

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत ६१ दिवस ट्रॉलर उभे असतात. टाकी अर्धी ठेवून जाऊ नका. भरून ठेवा, नाहीतर पूर्ण रिकामी करून, पुसून, झाकण लावून ठेवा. १ ऑगस्टला निघायच्या आधी तळाचा नळ सोडून पाणी काढा आणि एक नवा फिल्टर जवळ ठेवा.

शेवटी एकच. आपापल्या टाकीची लांबी, रुंदी आणि उंची आज टेपने मोजा, पाईप पुढे आहे की मागे ते मेकॅनिकला विचारा, आणि एका काठीवर खुणा करा. मोजायला जमत नसेल तर सोमवार ते शनिवार सकाळी सोसायटीत या, आम्ही करून देऊ. काठी फुकट आहे. आणि तुमच्या गाडीवरचा माणूस "डिझेल कमी आहे" म्हणाला, तर काट्याकडे बोट दाखवू नका. त्याचे ऐका. आम्ही ऐकले नव्हते.